पैशासाठी गेले, एवढंच नाही

कुणीतरी म्हटलंय की वेल्सचे रग्बी खेळाडू निव्वळ पैशासाठी रग्बी युनियन (तेव्हाचा हौशी, बिनपैशाचा प्रकार) सोडून उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी लीग (पैसे मिळणारा वेगळा प्रकार) खेळायला गेले. पैसा होताच, खाणमजुराच्या पोराला तो हवाच होता. पण कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला बिली बोस्टन आठवा. कृष्णवर्णीय पोराला वेल्सच्या युनियन संघाची दारं जवळपास बंदच होती. 1953 मध्ये तो उत्तर इंग्लंडमधल्या विगन या लीग क्लबकडे गेला आणि त्या क्लबसाठी 478 ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवणं) केले! तेव्हा लीगमध्ये गेलेल्याला युनियनची दारं कायमची बंद व्हायची, हेही विसरू नका.

क्लाइव्ह सलिव्हनही कार्डिफचाच. 1972 च्या रग्बी लीग विश्वचषकात तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार होता. लियाँच्या अंतिम सामन्यात स्वतःच्या हद्दीत चेंडू हाती आला आणि गडी जो सुटला तो थेट ट्रायलाइनपर्यंत! सामना 10-10 बरोबरीत सुटला, साखळीतल्या सरस कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. इंग्लंडमधल्या हल शहरात आज त्याच्या नावाचा हमरस्ता आहे.

कार्डिफमध्ये या दोघांचा आणि कार्डिफचाच लीग खेळाडू गस रिस्मनचा पुतळा उभा राहायला मात्र 2023 उजाडलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.