यमुना एक्सप्रेसवेवरचं धुकं: लोड गाडी किती वेगाने चालवावी?

निफाडची_गाडी
जानेवारीपासून पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं भरून 10 चाकी गाड्या दिल्लीच्या आझादपूर मंडईत जातात. व्यापाऱ्याला माल सकाळी लवकर हवा असतो, त्यामुळे आग्र्यापुढचा यमुना एक्सप्रेसवे रात्रीच धरावा लागतो. हिवाळ्यात तिथे ट्रकला वेगमर्यादा किती? आणि 50 मीटरही दिसत नसेल तर ड्रायव्हरला काय सांगून ठेवावं?

वेग_आणि_ब्रेक
एक्सप्रेसवेवर ट्रकची मर्यादा एरवी ताशी 80 किमी. यमुनावर साधारण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी ती 60 वर आणतात. आकडा बदलू शकतो, टोलवरची पाटी बघूनच पुढे जावं. मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड.

पण 60 म्हणजे धुक्यातही 60 असं नाही. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पुढचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत 2 सेकंद धरले तर 33 मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर लोड गाडी थांबायला आणखी 40 मीटर तरी घेते. 40 च्या वेगाला हीच बेरीज 40 मीटरच्या आसपास येते, 30 ला 26-27. म्हणजे 50 मीटर दिसत असेल तर 40 ही शेवटची हद्द, आणि 30 मीटरच दिसत असेल तर 25 च्या वर जाऊच नये. धुक्यात आजूबाजूचं काही दिसत नाही म्हणून वेग कमी वाटतो. अंदाजावर न जाता स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघत राहायचं.

फाळका
मागून धडकणारी गाडी हा जास्त मोठा धोका आहे, आणि त्याची तयारी निघण्यापूर्वीच करावी लागते. ताडपत्रीचं टोक किंवा दोरखंड टेललाइटवर लोंबकळत असतो, ते आधी आवळा. रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल; चिखलाने माखल्या की असून नसल्यासारख्याच, म्हणून प्रत्येक थांब्यावर ओल्या फडक्याने पुसा. टेललाइटचे 24 व्होल्टचे दोन-चार बल्ब आणि फ्यूज केबिनमध्ये हवेतच.

चालताना डिपरवरच, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावरच राहा. अप्पर, म्हणजे वरचा झोत मारला की उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांवरच येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नये, लेन बदलताना मागच्याला काही कळत नाही.

निफाडची_गाडी
पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे ड्रायव्हर चालत राहतात, ते चालेल का? आणि गाडी बंद पडली तर?

वेग_आणि_ब्रेक
अजिबात नाही. दिवा दिसतोय एवढ्यासाठी माणूस अंतर कमी करत जातो, आणि पुढचा धडकला की हाही त्यातच. डावीकडची पांढरी पट्टी धरून चालायचं.

दाट धुक्यात कडेच्या लेनवर विसावा घ्यायला थांबूच नये, मागचा ड्रायव्हर तीच पट्टी धरून येत असतो. टोलनाका किंवा सोयीच्या जागेपर्यंत हळूहळू न्या. बंदच पडली तर चारही इंडिकेटर लावा, कठड्याच्या बाहेरून मागे चालत जाऊन धोक्याचा चमकणारा त्रिकोण 100 मीटरवर ठेवा, आणि ड्रायव्हर-क्लीनर दोघांनीही केबिनमध्ये न बसता कठड्यापलीकडे उभं राहा.

फाळका
व्यापाऱ्याशी वेळ आधीच ठरवा. धुकं पहाटेपासून सूर्य वर येईपर्यंत सर्वांत दाट असतं. गाडी नाशिकहून सहा-सात तास आधी सोडली तर आग्रा संध्याकाळीच ओलांडता येतं. ते जमणार नसेल तर ग्वाल्हेर-धौलपूरकडे मुक्काम करून सकाळी नऊनंतर निघावं. परतीच्या मालाचं ई-वे बिल (माल नेण्यासाठीचं मुदतीचं जीएसटी कागदपत्र) धुक्यात अडकून संपत असेल, तर मुदतीच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ते वाढवता येतं. हे ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाहीतर बिलाच्या धास्तीने तो गाडी पळवतो.