शब्दचर्चा: सुपरनोव्ह्याला मराठीत काय म्हणावं?

पाणंद, डिचोली

भाचीने विज्ञानाच्या वहीत लिहिलं, "अतिनवतारा म्हणजे अतिशय नवीन तारा." बाईंनी शेजारी लाल शाईने बरोबरची खूण केली. मी म्हटलं, अगं, अतिनवतारा म्हणजे सुपरनोव्हा, तो तर आयुष्य संपल्यावर स्फोट होऊन उजळणारा तारा. त्यावर ती म्हणाली, "मग मामा, नाव असं उलटं कोणी ठेवलं?" मला उत्तर देता येईना. शब्दाची फोड तिने अगदी सरळ केली होती.

मंडळाच्या अंकासाठी ताऱ्यांच्या स्फोटांवर दोन पानं लिहितोय. नवतारा, अतिनवतारा, महानवतारा, सुपरनोव्हा हे सगळे शब्द वाचनात येतात. यातला कोणता घ्यावा?

जुनी वही, म्हापसा

विश्वकोशात "अतिदीप्त नवतारा" आहे, तोच घ्या. "अति" हा शब्द निदान दीप्तीला चिकटतो, नव्याला नाही. तुमच्या भाचीची चूक तिथल्या तिथे टळते. फक्त "अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषाच्या प्रसरणाच्या" असं काही लिहायची वेळ आली की वाचणाऱ्याला दम लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

ओहोटी, वास्को

सुपरनोव्हा लिहा आणि मोकळे व्हा. आपण कॅमेऱ्याला प्रतिमाग्राहक म्हणतो का?

कंदील, पणजी

ओहोटी, तुम्ही कॅमेऱ्याचं नाव काढलंत ते बरं झालं, त्याकडे शेवटी येतो. आधी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण प्रश्न चोख आहे.

नाव ठेवलं ते डोळ्यांनी. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात, जिथे कधी काही दिसत नसे तिथे, एक ठळक तारा दिसू लागला. टायको ब्राहे या डॅनिश खगोलनिरीक्षकाने पुढच्याच वर्षी त्यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला "नोव्हा स्तेला" म्हटलं, म्हणजे नवा तारा. तारा नवा नव्हता, दिसणं नवं होतं.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. १८४३ मध्ये पोर्तुगीज सरकारने पणजीला "नोव्हा गोवा" हे नाव दिलं. मांडवीकाठचा गाव काय त्या दिवशी उगवला होता? आदिलशाही वाडाही तिथे आधीपासून उभा होता. सरकारदरबारी त्याची नव्याने मोजदाद झाली एवढंच. आकाशातल्या नोव्ह्याचंही तसंच.

मग "अति" कुठून आलं? १८८५ मध्ये देवयानीत असाच एक तारा दिसला आणि तो साधा नवताराच धरला गेला. पुढे देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची, लाखो प्रकाशवर्षं लांबची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा वेगळाच प्रचंड समूह, आहे हे कळलं, तेव्हा हिशेब बिघडला. एवढ्या लांबून तो दुर्बिणीत सहज दिसत होता, म्हणजे साध्या नवताऱ्याच्या हजारो पट तेजस्वी असणार. १९३०च्या दशकात वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी अशांना "सुपर" हा वेगळा दर्जा दिला. आपण त्या "सुपर"चं "अति" केलं आणि ते नेमकं "नव"च्या पाठीवर बसलं.

मला "अति" दुसऱ्याच कारणाने खटकतं. त्यातून फरक कमीजास्तीचा वाटतो, पण मुळात या दोन निराळ्या घटना आहेत. नवताऱ्यात एक श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला छोटा पण जड तारा, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, तो पृष्ठावर साचतो आणि एक दिवस पेट घेतो. पेजेच्या टोपावरचं झाकण उडावं तसं. टोप जागेवरच असतो. उत्तर मुकुटातला एक तारा असा १८६६ मध्ये उडाला आणि १९४६ मध्ये पुन्हा. सुपरनोव्ह्यात मात्र टोपच फुटतो. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याचं इंधन संपलं की गाभा आत कोसळतो आणि बाकीचं बाहेर भिरकावलं जातं. नाहीतर एखाद्या श्वेतबटूचं वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीला, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेला, भिडतं आणि तो अख्खा उडतो. झाकण आणि टोप यांत नुसता "अति"चा फरक नाही.

आता कॅमेरा. सुपरनोव्हा मराठीत आलाच आहे तर त्याने मराठीसारखं चालावं. कॅमेरा, कॅमेऱ्याचा, कॅमेरे. तसं सुपरनोव्हा, सुपरनोव्ह्याचा, सुपरनोव्हे. "सुपरनोव्हाचा" हे मला "डबाचा" म्हटल्यासारखं लागतं.

दुर्बीणवाला, सांगे

कंदीलबाब, टोप-झाकण मी माझ्या भाषणात वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

मी फोटोच्या बाजूने बोलतो. जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने १९ मे २०२३ ला एम १०१ या दीर्घिकेत एक सुपरनोव्हा शोधला. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं. सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीचीशी ती त्रिकोण करते आणि मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गोव्यातून उत्तरेला चांगली पन्नासेक अंश वर असते. पाऊस तोंडावर आलेला, हाती मोजक्याच रात्री. किनाऱ्यावर दिव्यांचा उजेड, म्हणून नेत्रावळीच्या वाटेवर ओळखीच्यांच्या कुळागरापलीकडच्या, म्हणजे पोफळीच्या बागेपलीकडच्या, शेतात बैठक मांडली आणि चंद्राची कोर मावळायची वाट बघत बसलो.

पहिले वीस फोटो वाया गेले. लेन्सवर दहिवर साचलं होतं आणि काळोखात ते कळलंच नाही. मग शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून पंच्याने लेन्सभोवती बांधली. तीस-तीस सेकंदांचे ऐंशी फोटो काढले, कॅमेऱ्याची बैठक (स्टँड) आकाशाबरोबर फिरणारी असल्याने तारे रेघोटले नाहीत. घरी ते एकावर एक रचले. याला पुस्तकात काय शब्द आहे ठाऊक नाही, आम्ही "फोटो रचणं" म्हणतो. मग मागच्या वर्षीचा त्याच जागेचा फोटो शोधून काढला आणि पडद्यावर जुना-नवा, जुना-नवा असा आलटून पालटून बघत बसलो. दीर्घिकेच्या कडेच्या एका फाट्यावर एक ठिपका. जुन्यात नाही, नव्यात आहे. नाही, आहे.

तेव्हा बाजूला बसलेला पुतण्या ओरडला, "आयला!" ती शिवी नव्हे, कोकणीत "आला". "दिसला" नाही म्हणाला, "आला" म्हणाला. जुने चिनी निरीक्षकही अशा ताऱ्याला "पाहुणा तारा" म्हणायचे. माझं मत पाहुण्याला.

जुनी वही, म्हापसा

पाहुणा छान आहे, पण पाहुणा परत आपल्या घरी जातो. याचं तर घरच उडालेलं.

माडाची सावली, काणकोण

तुम्ही सगळे नामाच्या मागे लागलात. मराठीत काम क्रियापद करतं.

"तारा तुटला" म्हटलं की उल्का, हे आजीपासून सगळ्यांना ठाऊक. मग "तारा फुटला" म्हणा की. फुटणं या क्रियापदाकडे नीट बघा. घागर फुटते, नारळ फुटतो, म्हणजे मोडणं आलं. पण माडाला कोंबही फुटतो, आंब्याला पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो. आणि पहाटे तांबडं फुटतं, तेव्हा तर नुसता उजेडच. मोडणं, उगवणं आणि उजळणं, तिन्ही एका धातूत. सुपरनोव्ह्यात यातलं काय घडत नाही? तारा मोडतो, आठवडेच्या आठवडे अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करील इतका उजळतो, आणि भिरकावलेल्या द्रव्यातून पुढे नवे तारे घडतात. आपल्या रक्तातलं लोखंडही अशाच स्फोटांतून आलेलं. "स्फोट झाला" मध्ये नुसता आवाज आहे, आणि अंतराळात नेमका तोच नाही.

कंदील, पणजी

वा. मग नवताऱ्याला "फुटला" म्हणायचं नाही. तो "भडकला". भडकलेला शांत होतो, पुन्हा भडकतो, तो १८६६-१९४६वाला तसाच. फुटलेला पुन्हा फुटत नाही.

दुर्बीणवाला, सांगे

मान्य. आमच्या वहीत आजपासून नवतारा भडकणार आणि सुपरनोव्हा फुटणार. पाहुणा मी माझ्यापुरता ठेवतो.

पाणंद, डिचोली

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: लेखात सुपरनोव्हा, विभक्ती कंदील यांच्या नियमाने; "अतिदीप्त नवतारा" एकदाच, ओळख म्हणून; क्रियापद फुटणं. अतिनवतारा वगळला. भाचीने वहीतलं वाक्य खोडून लिहिलंय, "म्हातारा तारा फुटतो तेव्हा तो लोकांना नवीन वाटतो." बाईंनी अजून वही तपासलेली नाही.

एक राहिलं. १०५४ मध्ये वृषभ राशीत फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आज ज्या तेजोमेघात, म्हणजे चमकत्या वायूच्या ढगात, दिसतात, त्याला पुस्तकात "खेकडा तेजोमेघ" म्हणतात. भाची विचारते, खेकडा म्हणजे कुर्लीच ना, मग कुर्ली का नाही लिहायचं?

ओहोटी, वास्को

कुर्लीसाठी वेगळा धागा काढा. तिथे मी सविस्तर लिहीन.