घरी बनवलेली ड्रॅगस्टर: आधी पाइप का आधी क्लच?

उद्यमनगरचा_बारका
मंडळी, मत मांडतोय, पटलं नाही तर बिनधास्त बोला पण शिव्या नकोत, त्या घरी भरपूर खाऊन झाल्यात. गेले पाच महिने मी आणि माझा मावसभाऊ मिळून रिमोटवर चालणारी ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ पट्टीवर शर्यतीला पळवायची लांबडी गाडी, बनवतोय, खऱ्या टॉप फ्युएल (त्यातला सगळ्यात वेगवान वर्ग) गाडीच्या एक पंचमांश मापाची. खऱ्या गाडीचा व्हीलबेस ३०० इंच, म्हणजे आमचा ६०, दीड मीटर झाला की. आईनं पॅसेजमध्ये बघितली तेव्हा तिला वाटलं शिडी आणलीय. मागची चाकं १५० मिमीची, चेन ड्राइव्ह, गिअर एकच ४:१, आणि इंजिन गवत कापायच्या मशीनचं, ४३ सीसी टू-स्ट्रोक. मामाच्या मशीनचा दांडा मोडला आणि इंजिन आमच्या पदरात पडलं.

आता मुद्दा. माझं म्हणणं आहे की टू-स्ट्रोकची अर्धी ताकद सायलेन्सरमध्ये असते आणि पाइप, म्हणजे जळालेला गॅस बाहेर नेणारी नळी, ट्यून न करता ड्रॅगस्टर बनवणं म्हणजे तांबडा रस्सा सोडून नुसता भात खाणं. ह्या इंजिनला व्हॉल्व्ह नाहीत, जळालेला गॅस बाहेर जायचं भोक उघडं असतानाच ताजं मिक्श्चर आत येतं, आणि त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पळून जातं. पाइप काय करतो, पुढचा रुंद होत जाणारा कोन उलटी लाट पाठवून गॅस ओढून घेतो आणि मागचा बंद होत जाणारा कोन दाबाची लाट परत फेकतो, शाळेच्या गेटवर शिपाई पळणाऱ्या पोरांना परत आत ढकलतो ना, तसं. फक्त शिपाई बरोबर वेळेला गेटवर पायजे.

वेळ काढायला कोनमापकाची झेरॉक्स मोठी करून क्रँकवर चिकटवली आणि भोक किती अंश उघडं राहतं ते मोजलं, १६० आलं. मग जुनं सूत्र: अंश गुणिले १७०० भागिले आरपीएम, उत्तर इंचात, पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत. मी ११००० आरपीएम धरले, आले २४.७ इंच, ६३ सेंमी. पत्रा ०.८ मिमीचा. पहिला कोन २२ मिमीवरून ५० वर जातो १६० मिमी लांबीत, त्यासाठी कंपासनं २८७ आणि १२६ मिमीचे दोन गोल मारून मधला ३१ अंशाचा तुकडा कापला आणि लोखंडी दांड्यावर हातानं वळवला. सगळ्यात मागची नळी १३ मिमी.

रविवारी ओळखीच्या एका कारखान्यामागच्या काँक्रीट पट्टीवर, मालकाला विचारून, ८० मीटर पळवली. कंपनीच्या सायलेन्सरवर ६.९ सेकंद. माझ्या पाइपवर ७.४.

हसा. तरी मी म्हणतो पाइपच.

लेथवाले_काका
हसत नाही बाळा, ०.८ चा पत्रा हातानं वळवायचा म्हणजे बोटं सोलतात, मला ठाऊक आहे. पण तू गिअरचा हिशोब केलास का? कंपनीच्या सायलेन्सरवर तुझं इंजिन ८००० च्या वर जात नसणार, भागिले ४ म्हणजे चाक मिनिटाला २००० फेरे, १५० च्या चाकाचा घेर ०.४७ मीटर, झाले ताशी ५६ किलोमीटर. म्हणजे तुझी गाडी निम्म्या पट्टीपर्यंत ५६ ला पोचते आणि उरलेलं अंतर नुसती बोंबलत जाते. स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चाक, बदल आधी. चाळीस वर्षं ह्याच उद्यमनगरात हात काळे केलेत, पोरं येतात ती सायलेन्सर घेऊनच येतात, स्प्रॉकेट कुणी घेऊन येत नाही कारण स्प्रॉकेटला आवाज नसतो.

आरएक्स_पेठकर
काका मान राखून सांगतो, पण हे स्प्रॉकेटचं पुराण बास. यामाहाची आरएक्स १०० काय होती? ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, ७५०० आरपीएमला. ८५ साली आली आणि अजून पेठेत तिच्या नावानं पोरं जीव टाकतात, का? स्प्रॉकेटसाठी? भावा तुझा पाइप चुकला नाही, आकडा चुकला. गवताच्या मशीनला ११००० कुणी सांगितले? ८५०० धर, तुझ्याच सूत्रानं ३२ इंच, ८१ सेंमी. दीड मीटरच्या चेसिसवर जागाच जागा. हेडर (इंजिनाकडची पहिली नळी) लांब कर, रविवारी परत पळव. जाळ अन् धूर संगटच.

वर्कशॉपची_ताई
दोघंही अर्धं बोलताय. क्लच कधी पकडतो ते कुणी विचारलंच नाही. त्या मशीनचा सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे फेरे वाढले की आपोआप पकडणारा, ४००० च्या आसपास पकडतो कारण गवत कापायला तेवढं पुरतं. ह्यानं पाइप बनवलाय ११००० चा, तो ८५०० च्या खाली मदत तर सोडाच, उलट चुकीच्या वेळेला लाट पाठवून इंजिनाचा गळा धरतो. मग ४००० ला क्लच पकडला, गाडीचं सगळं वजन इंजिनावर आलं, आणि ते बिचारं गुदमरत वर चढतंय. अर्धा सेकंद तिथंच गेला.

आणि खऱ्या ड्रॅगस्टरचंच उदाहरण घ्यायचं तर टॉप फ्युएलला गिअरबॉक्स नसतोच. ८.२ लिटरचं व्ही-८, फोर-स्ट्रोक बरं का, टू-स्ट्रोक नव्हे, ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन पितं आणि सगळा खेळ क्लच कुठल्या क्षणाला किती घसरू द्यायचा त्याचा. त्यांचे एक्झॉस्ट म्हणजे आखूड उघड्या नळ्या, वर तिरक्या तोंडाच्या, गॅसच्या धक्क्यानं गाडी खाली दाबायला. तू ज्या गाडीची नक्कल करतोयस तिच्यात तुझा पाइपच नाही.

उद्यमनगरचा_बारका
ताई, व्ही-८ ला लाटेची गरज काय, तिथं सुपरचार्जर आहे. माझ्या इंजिनाला फुकटचा सुपरचार्जर म्हणजे हा पाइप. आणि अंतराची नक्कल तरी बरोबर केलीय, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, त्याचा पाचवा भाग ८०.

वर्कशॉपची_ताई
टॉप फ्युएलवाले २००८ पासून १००० फूटच पळतात. तुझं ६१ मीटर होतं. वीस मीटर वाचले बघ, स्प्रॉकेटवाल्या काकांचं टेन्शन गेलं.

जुना_यज्दीवाला
पोरांनो, ह्या पाइपमागं केवढं नाटक घडलंय ते ठाऊक आहे का कुणाला? पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन म्हणून इंजिनिअर होता, युद्धात रॉकेटवर काम केलेला माणूस. पैसा नाही, माल नाही, त्यात त्यानं लाटांचा अभ्यास करून १९६१ साली १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे लिटरला २००, सुपरचार्जर न लावता. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतनं पळून पश्चिमेला गेला आणि ती विद्या सुझुकीच्या हवाली केली, पुढच्या वर्षी सुझुकीनं ५० सीसीचं जगज्जेतेपद मारलं. आपल्या पेठेतल्या प्रत्येक टू-स्ट्रोकच्या आवाजात त्या काडेनचा वाटा आहे असं मी समजतो. तेव्हा पाइपवाल्याला नावं ठेवू नका.

लेथवाले_काका
यज्दीवाले, गोष्ट झकास पण पुरती सांगा की. सुझुकीच्या त्या ५० सीसीला गिअर किती होते? आठ! कारण पाइपनं पॉवर वाढली तशी तिची पट्टी, म्हणजे ज्या आरपीएमात इंजिन जोर धरतं तेवढा टप्पा, अरुंद झाली, एवढ्याशा पट्टीत इंजिन ठेवायला आठ गिअर लागले. ह्या पोराकडं एक आहे.

जुना_यज्दीवाला
हे मात्र मानलं.

बॅटरी_झिंदाबाद
मी मधेच येऊन मार खाणार आहे पण बोलतोच. ह्याच चेसिसवर एक चांगली ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी टाका, शून्यापासून टॉर्क, क्लच नको पाइप नको ऑइल नको. तुम्ही सगळे मिळून जो प्रश्न सोडवताय तो प्रश्न इंजिनच निर्माण करतंय.

आरएक्स_पेठकर
मग मिसळीऐवजी प्रोटीन पावडर पण खात जा, पोट तर भरतंयच.

कळंब्याचा_शेजारी
विनोद बाजूला ठेवा, मी तुमच्या ह्या नादाच्या विरोधात आहे आणि सरळ सांगतो. आमच्या गल्लीत एक महाशय रविवारी सकाळी साडेसातला अंगणात असलंच इंजिन तापवतात. माझे वडील बायपास झालेले. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५, हे नियम २००० सालापासून आहेत, आणि उघडा टू-स्ट्रोक पाइप त्याच्या कुठच्या कुठं वर असतो. पोलीस मॉडिफाय सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तेव्हा मला खरंच बरं वाटतं. छंद तुमचा, कान आमचे.

उद्यमनगरचा_बारका
दादा तुमचं शंभर टक्के मान्य. आम्ही कारखान्यामागंच चालवतो, सुट्टी दिवशी, दहानंतर. घरी सुरू पण करत नाही, आजी चपलेनं हाणते.

आरएक्स_पेठकर
शेजारी दादा, एक सांगू का, आवाज पाइपनं होत नाही, मागच्या नळीला लोकरवाला डबा लावला नाही म्हणून होतो. पाइपच्या मागं छोटा सायलेन्सर लावला तर लाटेचं काम बिघडत नाही. पण पोरं लावत नाहीत हे खरं, मी पण लावला नव्हता, तेव्हा गप्प बसतो.

उद्यमनगरचा_बारका
अपडेट. ताईंचं ऐकायचं ठरवलं, म्हटलं एकदा खोटं तरी पाडू. क्लचच्या स्प्रिंगची तीन वेटोळी कमी करून टोकाचा हूक परत वळवला, आता साधारण ७५०० ला पकडतोय. एक स्प्रिंग वळवताना तुटली, दुसऱ्या मशीनची टाकली. पाइप तोच ६३ सेंमीचा, गिअर तोच.

पहिली रन वाया, चाकं जागेवर फिरली आणि गाडी आडवी होऊन भिंतीकडं निघाली. टायरला पेट्रोल पुसून घेतलं, पुढं ४०० ग्रॅम शिसं बांधलं. दुसरी रन ५.८ सेकंद!! आवाज काय सांगू, पहिले दहा मीटर नुसती घरघर आणि मग एकदम कुणीतरी कापड फाडल्यासारखा चर्रर्र, भाऊ रिमोट हातात धरून नुसता उभा, ब्रेक मारायचं पण भान नाही, गाडी पट्टी संपून गवतात. आता बोला, पाइप का क्लच?

वर्कशॉपची_ताई
क्लच. बदललंस काय? क्लच.

आरएक्स_पेठकर
ताई असं कसं, मग हाच क्लच जुन्या सायलेन्सरवर लावा की. ७५०० ला पकडणार आणि ८००० ला इंजिन संपणार, ५०० आरपीएमात काय डोंबल पळणार? पाइप आहे म्हणून तो क्लच चालला.

वर्कशॉपची_ताई
आणि क्लच आहे म्हणून तो पाइप चालला. गेल्या रविवारी ७.४ होतं, विसरलात वाटतं. जुना सायलेन्सर आणि ५५०० ला पकडणारा क्लच लावून एक रन घेऊ दे त्याला, ६.३ च्या आत आली तर मी गंगावेशीत सगळ्यांना दूध पाजते.

लेथवाले_काका
दूध मी पाजतो, पण एक कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. ते इंजिन ११००० साठी जन्मलेलं नाही. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग आणि फ्लायव्हील, दोन्ही गवत कापायच्या हिशोबाचं. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे गुडघ्याच्या उंचीला येतात, पोरं तिथंच उभी असतात. ३ मिमीचा पत्रा गोल वाकवून कव्हर कर, माझ्याकडं ये, पैसे देऊ नकोस. आणि स्प्रॉकेटचा विषय मी सोडलेला नाही.

उद्यमनगरचा_बारका
येतो काका, शुक्रवारी. ऑइल लिटरला ४० मिली टाकतोय, २५ ला १. बरोबर ना?

जुना_यज्दीवाला
ऑइल बरोबर. पेट्रोल कुठलं? आता पंपावर सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल) आहे, आपल्याच उसाची कृपा. इथेनॉलमुळं मिक्श्चर पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, जेटिंग (कार्ब्युरेटरचं इंधनाचं सेटिंग) जुनंच ठेवलं तर इंजिन उपाशी पळतं आणि तापतं. वर पाइपनं ताजी हवा जास्त भरली म्हणजे भूक अजून वाढली. कार्ब्युरेटरचा हाय स्क्रू, जास्त आरपीएमला इंधन किती जायचं ते ठरवणारा, किती उघडलास?

उद्यमनगरचा_बारका
स्क्रूला हातच लावला नाही. कंपनीचं सेटिंग.

वर्कशॉपची_ताई
एक मिनिट. पाइप बदलला, आरपीएम ३००० नं वाढले, आणि स्क्रूला हात लावला नाही? मागची नळी १३ म्हणालास ना, हेडर २२ ला ती ठीक आहे, अजून बारीक असती तर आत्तापर्यंत पिस्टन चिकटला असता. ५.८ च्या रननंतर इंजिन चालू केलंयस का परत?

उद्यमनगरचा_बारका
नाही. उद्या संध्याकाळी तुम्ही म्हणाला ती ५५०० वाली रन घेणार होतो.

वर्कशॉपची_ताई
आधी प्लग काढ आणि टोकाचा रंग सांग. कॉफीसारखा असेल तर मी गप्प बसते.

उद्यमनगरचा_बारका
थांबा, भावाला गॅरेजात पाठवतो.

आरएक्स_पेठकर
काळा तेलकट निघणार बघा, गवताची मशीनं सगळी तसलीच.

उद्यमनगरचा_बारका
पांढरा. खडूसारखा. आणि टोकावर मोहरीएवढे चमकणारे ठिपके आहेत, ते काय?

लेथवाले_काका
पिस्टन आहे तो, वितळून उडालेला. सुरू करू नकोस. शुक्रवारी नको, उद्या सकाळीच इंजिन घेऊन ये.