फिर्याद कशी लिहायची ते महत्त्वाचं

पालकाने शिक्षकावर हात उचलला तर जुन्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३५३, म्हणजे कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ल्याचं कलम लावा, असा सल्ला दिला जातो. तो आता जुना झाला. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला त्याऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, दुखापत असेल तर १२१. तेही लोकसेवकाला, म्हणजे जिल्हा परिषद-पालिका शाळांतल्या शिक्षकांना. खासगी विनाअनुदानित शाळेत किरकोळ मारहाणीला बहुधा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते.

खरी गोची मजकुरात असते. ‘पालकांशी वाद झाला’ असं मोघम लिहिलं की १३२ गळतं. ‘तिसऱ्या तासाला सातवीला शिकवत असताना कॉलर धरून वर्गाबाहेर ओढलं’ असं लिहा. कर्तव्यावर होतात हे दिसायला हवं. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही लगेच काढा, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं आपोआप पुसतो. मुख्याध्यापक ‘मिटवून टाका’ म्हणतीलच. ठाण्यात नोंद नाकारली तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा.