एअरलाइन की फ्रॅक्शनल जेट कंपनी? अमेरिकेतील वैमानिकांचा सल्ला हवा आहे

गोदाकाठ:

नमस्कार. मी मूळची नाशिकची असून लग्नानंतर अमेरिकेत आले आणि सध्या ओहायोतील एका फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून काम करते. माझे एकूण ११८० तासांचे उड्डाण झाले आहे, त्यात दोन इंजिनांच्या विमानांचे तास शंभरच्या आतच आहेत. माझे वय ३४ आहे, ग्रीन कार्ड आहे, आणि मुलगी चार वर्षांची आहे. पदवी पुण्याची असल्यामुळे येथील विमानविद्येच्या पदवीधरांना मिळणारी एक हजार तासांची सवलत मला लागू नाही. म्हणजे रीजनल (जवळच्या मार्गांवरच्या छोट्या) एअरलाइनमध्ये को-पायलट होण्यासाठीही मला १५०० तास पूर्ण करावेच लागतील.

दरम्यान, ज्यांची विमाने अनेक मालकांत वाटून विकलेली असतात अशा फ्रॅक्शनल कंपन्यांत त्याआधीही प्रवेश मिळू शकतो, असे ऐकले. माझ्या परिचयातील एअरलाइनवाले मात्र या नोकरीला ‘मधला थांबा’ म्हणतात. तेथे तीस वर्षांची कारकीर्द खरोखरच होऊ शकते का? आणि लहान मूल असलेल्या आईला ‘सात दिवस काम, सात दिवस घर’ हे वेळापत्रक प्रत्यक्षात कसे पडते?

सात_दिवस_बाहेर:

ताई, मी आठ वर्षे अशाच एका कंपनीत आहे आणि सध्या मध्यम आकाराच्या जेटवर कॅप्टन आहे.

आधी हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या, कारण आमची दिनचर्या त्यातूनच ठरते. सोळावा हिस्सा घेणाऱ्या मालकाला साधारणपणे वर्षाला ५० तास मिळतात, म्हणजे एका विमानाचे ८०० तास विकले जातात. मालकाला काही तासांच्या सूचनेवर विमान द्यायचे वचन असते आणि उड्डाणाचे पैसे तो फक्त स्वतः बसलेल्या तासांचे देतो. त्याला डेन्व्हरला सोडल्यावर विमान रिकामे कॅन्ससला न्यायचा खर्च कंपनीचा. त्यामुळे आमच्या फेऱ्यांत रिकाम्या फेऱ्या बऱ्याच असतात आणि सकाळी हातात आलेला दिवसाचा कार्यक्रम दुपारपर्यंत दोनदा बदललेला असतो. नियमानुसार दोन वैमानिकांच्या चमूला सामान्यतः १४ तासांची ड्यूटी, त्यात १० तासांचे उड्डाण आणि नंतर किमान १० तासांची विश्रांती मिळते. पण ड्यूटीचा बराच वेळ एखाद्या छोट्या विमानतळाच्या प्रतीक्षालयात कॉफी पीत जातो. वर्षअखेरीस आमचे तास एअरलाइनवाल्यांपेक्षा बरेच कमी भरतात. तास जमवून पुढे जायचे असेल, तर ही उणीव आधीच हिशोबात धरावी.

उड्डाणापलीकडचे कामही पुष्कळ आहे. लहान आणि मध्यम जेटवर केबिन क्रू नसतो, म्हणून सामान चढवणे, जेवण मागवणे, उतरताना केबिन आवरणे, कुत्र्याने सीटवर केस सोडले असतील तर ते झाडणे, हे सगळे आम्हीच करतो. काही जणांना यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही, कारण त्याच दिवशी मला टेक्साससारख्या सपाट प्रदेशातून निघून कोलोरॅडोतील ॲस्पेनच्या दरीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ७८०० फुटांवरच्या धावपट्टीवर उतरायला मिळते. एअरलाइनची विमाने अमेरिकेत काही शे विमानतळांवर जातात. आम्ही हजारो विमानतळांपैकी कोठेही जातो, आणि पुष्कळ ठिकाणी नियंत्रण टॉवरही नसतो. वैमानिक म्हणून निर्णय घेण्याची सवय इथे लवकर लागते.

आता मुलीविषयी. या नोकरीतली सर्वांत मोलाची गोष्ट पगार नव्हे, तर घराजवळचा विमानतळ आहे. एअरलाइनमध्ये तुमचा बेस शिकागोला आणि घर ओहायोत असेल, तर तिथवर पोहोचण्याचा वेळ आणि दगदग तुमची. बहुतेक मोठ्या फ्रॅक्शनल कंपन्या मात्र ठरावीक विमानतळांच्या यादीतील एक निवडू देतात आणि तेथून विमानापर्यंत जायचे तिकीट स्वतः काढतात. ड्यूटीही तेथूनच मोजली जाते. सातव्या दिवशी रात्री उशिरा घरी पोहोचणे नेहमीचेच आहे, पण पुढचे सात दिवस फोन वाजत नाही. माझ्या मुलाच्या शाळेत मी इतर बापांपेक्षा जास्त वेळा दिसतो, मात्र दर दुसऱ्या आठवड्यात अजिबात दिसत नाही. घरी दुसरे खंबीर माणूस नसेल, तर हे जमणार नाही.

एक बारकावा अर्जापूर्वी विचारून घ्या. फ्रॅक्शनल नियमांत प्रवासी असताना दोन वैमानिक लागतात. पण फिनॉम ३०० किंवा पीसी-१२ सारखी विमाने एका वैमानिकाने चालवण्यासही प्रमाणित आहेत. अशा विमानाच्या रिकाम्या फेऱ्यांत को-पायलटचे तास लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) कसे मांडता येतात, हे कंपनीकडून लेखी समजून घ्या. पुढे मुलाखतीत कोणी त्यावरून अडवले, तर उत्तर तयार हवे.

जुना_कप्तान:

वरच्या प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, पण त्यात मंदीचा उल्लेख नाही आणि मी मंदी अंगावर घेतलेली आहे.

या कंपन्यांची खरी दुखरी नस विमानांच्या किमतीत असते. करार बहुधा पाच वर्षांचा असतो आणि तो संपल्यावर कंपनीला मालकाचा हिस्सा बाजारभावाने परत घ्यावा लागतो. २००८ नंतर जुन्या जेटचे भाव कोसळले, मालक हिस्से परत करू लागले, नवे मालक मिळेनात आणि कंपन्यांकडे बिनगिऱ्हाइकी विमाने साचली. २००९ मध्ये नेटजेट्स या फ्रॅक्शनल कंपनीला ७१ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला आणि २०१० च्या सुरुवातीला तिने ४९५ वैमानिक कमी केले. १९९८ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेसारखा मालक पाठीशी असलेल्या कंपनीची ही गत होती. फ्लोरिडातील अव्हँटेअर तर जून २०१३ मध्ये विमाने उभी करून बंदच पडली. मी तेव्हा आणखी एका कंपनीत होतो. एका शुक्रवारी ईमेल आले आणि त्यानंतर दीड वर्ष मी मालवाहू विमाने रात्रीची उडवली. अर्थात एअरलाइनवालेही २००१ नंतर हजारोंनी घरी बसले होते. फरक एवढाच की, फर्लो झालेल्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवलेल्या, वैमानिकाचा ज्येष्ठताक्रम मोठ्या एअरलाइनमध्ये युनियनच्या कराराने जपलेला असतो. सगळ्याच फ्रॅक्शनल कंपन्यांत तसे करार असतात असे नाही. म्हणून मुलाखतीला जाताना युनियन आहे का आणि परत बोलावण्याचा क्रम कसा ठरतो, हे विचारताना संकोच करू नका.

पैशाचे गणित बदलते आहे. २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी करारकाळात ३४ टक्के वाढ मिळवली, इतर मोठ्या एअरलाइननी तोच पायंडा पाळला आणि फ्रॅक्शनल कंपन्यांचे लोक तिकडे जाऊ लागले. २०२४ मध्ये नेटजेट्सनेही युनियनशी करार करून पगार बरेच वाढवले. तरीही मोठ्या जेटच्या ज्येष्ठ कॅप्टनचा एअरलाइनमधील पगार अजून वरचढ आहे, असे माझे मत आहे. वयाची बाजू मात्र फ्रॅक्शनलच्या पारड्यात जाते: एअरलाइनमध्ये ६५ ला उतरावेच लागते, तर २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानुसार फार मोठ्या फ्रॅक्शनल आणि चार्टर कंपन्यांत मर्यादा ७० ची आहे.

लोहगाव:

मी पुण्यात आहे आणि २०० तासांवर कमर्शियल लायसन्स घेतले आहे. तिकडच्या फ्रॅक्शनल कंपन्यांत भारतातून थेट अर्ज करता येईल का?

जुना_कप्तान:

मित्रा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर आशा ठेवू नये. वैमानिकांना व्हिसा मिळवून देण्याच्या भानगडीत या कंपन्या सहसा पडत नाहीत. युरोपातील शाखांना तेथील लायसन्स आणि राहण्याचा हक्क, दोन्ही लागतात. तुझ्यासाठी आधी भारतातील नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर (ठरावीक वेळापत्रकाशिवाय विमाने चालवणाऱ्या कंपन्या) आणि एअरलाइन याच वाटा आहेत.

गोदाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. घराजवळचा विमानतळ आणि लॉगबुक हे दोन मुद्दे माझ्या मनात आलेच नव्हते. यजमान घरून काम करतात आणि सासूबाई वर्षातून सहा महिने येथे असतात, त्यामुळे सात दिवसांचा प्रश्न निम्मा सुटतो. दोन इंजिनांचे तास वाढवण्यासाठी शाळेत मागितलेली जबाबदारी परवाच मिळाली आहे. आता असे ठरवते आहे की, १५०० ची वाट पाहत बसण्यापेक्षा आताच दोन फ्रॅक्शनल कंपन्यांना अर्ज करायचा आणि रीजनलचा अर्ज तास पूर्ण होताच टाकायचा. पहिली मुलाखत आली की, फर्लोनंतर परत बोलावण्याच्या क्रमाविषयी त्यांनी काय उत्तर दिले ते इथे कळवेन.

सात_दिवस_बाहेर:

जरूर कळवा. आणि प्रशिक्षणाचा बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर सही करण्यापूर्वी त्याची मुदत महिन्यांत मोजून घ्या; माझ्या एका सहकाऱ्याने ती टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण) संपल्याच्या तारखेपासून धरली होती आणि कंपनी पहिल्या प्रवासी उड्डाणापासून धरत होती.