बोस्टनचा बर्फ दाखवून तापमानवाढ खोटी ठरते का?

खानापूरकर:
थंडी सुरू झाली की तोच फोटो फिरायला लागतो. बोस्टनमध्ये बर्फात गाडलेल्या मोटारी आणि खाली 'कुठाय तापमानवाढ?' २०१४-१५ च्या हिवाळ्यात तिथं ११०.६ इंच बर्फ पडला, तो त्या शहराचा विक्रम, हे खरंच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथले खासदार जेम्स इनहोफ यांनी बर्फाचा गोळा घेऊन अमेरिकेच्या सिनेटमध्ये हाच सवाल केला होता. पण तेच २०१५ साल जगाच्या सरासरीत तोवरचं सगळ्यांत उष्ण ठरलं. बर्फाच्या बातमीत हे वाक्य का नसतं? फोटो आणि विक्रमाचा आकडा देऊन वाचकाला तिथंच सोडणं ही अर्धी बातमी झाली.

चिकोडीकर:
राग मानू नका, पण पूर आला तर तापमानवाढ, दुष्काळ पडला तर तापमानवाढ, आता बर्फ पडला तरी तीच. काय घडलं तर हे म्हणणं खोटं ठरेल, ते आधी सांगा की.

खानापूरकर:
रास्त प्रश्न आहे. हवा १ अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. त्या हिवाळ्यात बोस्टनकडच्या अटलांटिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. वादळांनी तिथून वाफ उचलली, जमिनीवर पारा शून्याखाली होता, म्हणून ती बर्फ होऊन पडली. जगाची सरासरी दशकामागून दशक उतरत गेली, समुद्र थंड होत गेले, तर माझं म्हणणं खोटं. एका शहराच्या एका हिवाळ्यानं ते खोटं ठरत नाही. एका वादळानं सिद्धही होत नाही, आणि तसं छापणारेही चुकतात.

वडगाव शिवार:
माझं भांडण वेगळं आहे. मोठा पाऊस झाला की आमच्या बेळगावचा बळ्ळारी नाला फुगतो आणि शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली कुजतं. गाळ तसाच, अतिक्रमणं तशीच. त्या बातमीवर 'हवामान बदल' लिहिलं की आम्ही जाब कुणाला विचारायचा?

चिकोडीकर:
हेच म्हणतोय मी. २०१९ च्या पुरात इकडं कर्नाटकात आम्ही महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या विसर्गाला दोष देत होतो, सांगलीकडचे आमचे पाहुणे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या ५१९.६० मीटर पातळीला. दोन्ही धरणांच्या पाण्याचा हिशोब मागायला हवा होता. आभाळावर ढकललं की सगळेच सुटतात.

शहापूरची ताई:
दादा, कसे सुटतील? पाऊस असा कोसळणार हे माहीत असून नाला आहे तसाच ठेवला, तर दोष वाढतो की कमी होतो? २०१९ ला पूर, आणि २०२३ ला कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर. दोन्ही आपण सोसलं. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी पेपरात बघून मी घरातलं पाणी जपते. त्याच चौकटीत मागच्या तीस वर्षांत त्या तारखेला किती पाणी होतं, ते छापा. मग तापमानवाढीवर लेख नसला तरी माणूस स्वतः बघेल.

वडगाव शिवार:
छापा ताई, पण नाल्याचा गाळ शेवटचा कधी काढला ती तारीखही शेजारीच पाहिजे. तापमानवाढ मी नाकारत नाही. माझं भात पुढच्या जून-जुलैत वाचलं पाहिजे.

चिकोडीकर:
तीस वर्षांचे आकडे आले तर मी बसून वाचीन. पण दर सरीनंतर 'हवामान बदलाचा फटका' असा मथळा आला, तर माझा विश्वास बसायचा नाही.