शब्दचर्चा: 'शटडाऊन'ला इंटरनेट बंद, इंटरनेटबंदी की स्थगिती?

कलमवाली: सुदानवरचा लेख मराठीत करतेय. जून २०१९ मध्ये खार्टूममधलं धरणं सशस्त्र दलांनी उधळलं, माणसं मारली आणि इंटरनेट तोडलं. मी 'इंटरनेट बंद' लिहिलं. संपादक म्हणतात, हे एखाद्या संघटनेने पुकारल्यासारखं वाटतं.

टाकबोरू: बरोबर आहे त्यांचं. बंद लोक पाळतात, बंदी सरकार घालतं. जमावबंदी, संचारबंदी, तशी इंटरनेटबंदी.

नेमस्त: बंदी म्हणजे मनाईच असं कुठंय? तटबंदी, मोर्चेबंदी, जमाबंदी यांत बांधणं आहे. फारसी 'बंद' हा आपल्या 'बंध'चा चुलतभाऊ. उद्या कुणी इंटरनेटबंदी म्हणजे जाळ्याची भक्कम बांधणी समजेल :)

शुद्धमती: मुळात इंटरनेट कशाला? 'आंतरजाल-स्थगिती' म्हणा. आपल्या केंद्राच्या २०१७ च्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या नियमांचं नावही दूरसंचार सेवांच्या तात्पुरत्या स्थगितीचंच होतं.

टाकबोरू: तात्पुरत्या! काश्मिरात ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेलं फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. हुकूम काढणाऱ्याचा शब्द आपण का वापरायचा?

शुद्धमती: अफवेपायी माणसं मारली जातात तेव्हा सरकारने हातावर हात ठेवून बसावं का? स्थगिती तटस्थ शब्द आहे.

चौकस: अफवा हे सांगायचं कारण. इंटरनेट गेलं की अफवा खोडून काढायची सोयही जाते, आणि तोंडोतोंडी ती फिरतेच. खरी धास्ती जमवाजमवीची आणि चित्रणाची. सुदानात जुलैत इंटरनेट परतलं तेव्हा कुठे त्या दिवसाच्या चित्रफिती धडाधड बाहेर आल्या.

कलमवाली: हो, लेखात आहे ते. शिवाय एका वकिलाने दूरसंचार कंपनीवर दावा लावला आणि जिंकला, तर आधी इंटरनेट सुरू झालं ते त्याच्या एकट्याचं! म्हणजे बंद कुणी केलं म्हणायचं, कंपनीने की सरकारने?

नेमस्त: सरकारने 'करवलं'. प्रयोजक रूप आहे की आपल्याकडे. बटण बहुधा कंपनीच्याच हातात असतं. इजिप्तमध्येही २०११ च्या जानेवारीत इंटरनेट कंपन्यांनीच आपापल्या जाळ्यांकडे येणारे मार्ग जगाच्या नकाशावरून काढून घेतले, वरच्या हुकमाने.

शुद्धमती: 'करवणे' हिंदी वळणाचं वाटतं.

नेमस्त: अहो, 'करवून घेणे' काय हिंदी आहे?

चौकस: मग वेग मारतात त्याला काय म्हणाल? काश्मिरात २०२० मध्ये टू-जी दिलं होतं. चालूही नाही, बंदही नाही.

टाकबोरू: गळचेपी. इंग्रजी 'थ्रॉटलिंग'मध्येही गळाच आहे.

चौकस: आणि इराणने नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेरचं जग तोडलं, देशातल्या बऱ्याच सेवा मात्र चालू ठेवल्या. ती नाकाबंदी.

शुद्धमती: नाकेबंदी. नाकाबंदी पोलीस करतात, गाड्या तपासायला.

नेमस्त: हा भेद कुठल्या कोशात आहे?

शुद्धमती: वापरात आहे.

टाकबोरू: आता वापर चालतो होय तुम्हाला?

कलमवाली: मी सध्या 'इंटरनेट तोडलं' ठेवलंय. मथळ्यासाठी नाम हवंय अजून.